एका तासात दोनदा फिरणारं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात आपण नाशिककर त्र्यंबकला जातो, दर्शन घेतो, ब्रह्मगिरीवरचे ढग बघतो आणि आल्या वाटेने घरी येतो. आज मी तुम्हांला जरा आडवाटेला नेणार आहे. त्र्यंबक गाव यायच्या अलीकडे पेगलवाडीचा फाटा आहे. तिथून डावीकडे वळायचं. आधी पहिने, मग वैतरणा धरणाचा जलाशय आणि शेवटी घोटी. कुठे न थांबता गेलात तर हा साधारण तासाभराचा रस्ता आहे. मला मात्र तो कधीच तासात संपवता आलेला नाही.

फाटा सोडला की डाव्या हाताला अंजनेरी, उजवीकडे ब्रह्मगिरी. मधल्या खिंडीत बहुतेक वेळा धुकं साचलेलं असतं. तिथे गाडीचे दिवे लावा आणि वेग कमी ठेवा, कारण समोरून गुरं येतात. गुराखी मागे असतो, इरल्याखाली, तो तुम्हांला शेवटी दिसतो.

या रस्त्याची खरी गंमत डोळ्यांना सहज दिसत नाही. ब्रह्मगिरीवर पडलेला पाऊस गोदावरीत गेला, तर १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळतो. वैतरणाही याच त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते, पण ती पश्चिमेला उतरते, अरबी समुद्राकडे. म्हणजे त्र्यंबकहून निघताना तुम्ही पूर्वेकडे जाणाऱ्या पाण्यात असता आणि धरणापाशी पोचता तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या. आणि पुढे घोटीला उतरलात की तिथलं पाणी दारणेला मिळतं, दारणा गोदावरीला. एका तासात पाण्याने दोनदा पाठ फिरवलेली असते! रस्त्यावर याची कुठे पाटी नाही. मी मोरी आली की गाडी बाजूला घेतो, खाली वाकून ओहोळ कुठे चाललाय ते बघतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना हा खेळ जरूर शिकवा.

जुलैत गेलात तर आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, चालू असते. एकदा मी एका बांधावर बराच वेळ उभा होतो. गुडघाभर चिखलात पाच-सहा बाया ओळीने वाकलेल्या. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं. जुडीतून तीन-चार काड्या सुटतात, बोटं चिखलात जातात, काड्या उभ्या राहतात, आणि तोवर बाई एक पाऊल मागे सरकलेली असते. सगळं काम मागे सरकत. खाचर भरत जातं ते त्यांच्या तोंडासमोर. कोणी मान वर करून पाहत नव्हतं. त्या हिरव्या खाचरांत फोटोसाठी उतरणारी माणसं मी पाहिली आहेत. श्रोतेहो, कृपा करून तसं करू नका. आपल्या एका पावलाखाली कोणाची तरी सकाळची मेहनत जाते.

मग वळणावर जलाशय दिसतो. मी इतक्या वेळा पाहिला, तरी दर वेळी तोंडून ‘अरे वा’ निघतंच. हे ऊर्ध्व वैतरणा धरण, १९७३ सालचं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी आपल्या जिल्ह्यातलं हे एकच, आणि त्यात सुमारे २ लाख २७ हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं. मुंबईतल्या कोणाच्या तरी नळाला सकाळी येणारं पाणी इथल्या डोंगरांवरून आलेलं असतं. आणि इगतपुरी तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांना उन्हाळ्यात हंडे घेऊन पायपीट करावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

त्याच काठावर मला एक म्हातारे बाबा भेटले. घोटीला बाजाराला निघाले होते, गाडीची वाट पाहत. मी त्यांना बसवून घेतलं. बराच वेळ खिडकीतून पाणी पाहत होते, मग म्हणाले, “आमची वाडी ह्या पाण्याखाली हाये भाऊ. मी पोरगा व्हतो तवा.”

मी काहीच बोललो नाही. तेच पुढे म्हणाले, “उन्हाळ्यात पाणी उतरलं का विहिरीचं तोंड दिसतं. या मे महिन्यात, दाखवतो.”

वाटेत कावनईचा फाटा लागला. तिथलं कपिलधारा तीर्थ सिंहस्थाचं मूळ स्थान मानतात. बाबांनी तिकडे हात जोडले. घोटीत गिरण्यांजवळ नव्या तांदळाचा वास येत होता. ते उतरले, पिशवी खांद्याला लावली आणि गर्दीत गेले. मीही पाच किलो इंद्रायणी घेतला.

मे महिन्यात मी खरंच गेलो. बाबा ठरल्या जागी बसलेले होते. आम्ही भेगाळलेल्या गाळावरून खाली चालत गेलो. विहिरीत गाळ भरलेला होता, पण दगडी कठडा शाबूत होता. बाबांनी माझा हात धरून त्या दगडावर ठेवला. पोहऱ्याच्या दोराने पडलेल्या खाचा बोटाला लागल्या. तीन होत्या, आणि मधली सगळ्यांत खोल.

नमस्कार.