बिघाड हातात की विमानात?

श्रोतेहो, रामराम.

गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर वैमानिक घडवणारी संस्था आहे. धानाच्या बांध्यांवरून शिकाऊ पोरांची लहान विमानं घिरट्या घालतात, आणि खालून बघणारा सहज बोलतो, "याचा हात अजून बसला नाही." पण हात बसला की नाही, हे मोजायचं कसं?

वैमानिकाला पडद्यापुढे बसवतात. पडद्यावरची रेघ सारखी डुलते. हातातल्या दांड्यानं ती मधोमध धरायची. डुलण्यात मुद्दाम अनेक लाटा मिसळलेल्या असतात. एकच ठेका असला, तर माणूस तो ओळखून रेघेच्या आधीच हात फिरवतो. आपली जात हुशार! मग नोंद होते: रेघ किती सरकली, हात किती हलला, किती उशिरा हलला. डोळ्यापासून स्नायूपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा ते तिसरा हिस्सा जातो.

गंमत पुढे आहे. अमेरिकेतले अभियंते ड्युएन मॅक्रूअर यांनी १९६०च्या दशकात दाखवलं, की यंत्र बदललं की माणूसही आपली चाल बदलतो. विमान सुस्त असेल, तर तो अंदाज बांधून आधीच हात देतो. माणूस आणि यंत्र मिळून होणारं वागणं जवळपास तेच राहतं. म्हणून नुसत्या वैमानिकाचं माप काढण्यात अर्थ नाही, जोडीचंच काढावं लागतं.

या जोडीत उशीर वाढला की घात होतो. चिखलाच्या पांदणीत मोटरसायकल घसरली, की घाबरून हँडल जास्त वळवतो आणि ती दुसऱ्या बाजूला जाते, तसंच. २६ ऑक्टोबर १९७७ रोजी एंटरप्राइज हे चाचणीचं अंतराळयान कॅलिफोर्नियात उतरताना असंच झोके खाऊ लागलं. चालवणारे फ्रेड हेज कसलेले वैमानिक होते. हाताचा जोर सोडल्यावर झोके थांबले. पुढे नियंत्रण यंत्रणेत असे झोके आवरणारी सोय केली गेली. नवशिक्या म्हणून खापर कुणावर फोडणार होते?

एवढी यंत्रं लावूनही शेवटी वैमानिकाला विचारावंच लागतं. १९६९ साली अमेरिकेतल्या कूपर आणि हार्पर या चाचणी-वैमानिकांनी त्यासाठी १ ते १० अशी श्रेणी दिली. काम नीट साधायला किती झटावं लागलं, हे सांगून वैमानिक विमानाला गुण देतो. आपल्या शाळेपेक्षा इथं उलटं: १ म्हणजे उत्तम, आणि १० मिळालेलं विमान ताब्यात राहत नाही.