पीठ आहे, तवा नाही

श्रोतेहो, नमस्कार.

महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडचे एमवाय, नावाने इंदूरचे असले तरी तेथील खाटांवर निजलेली माणसे अर्ध्या माळव्याची आणि निमाडची असतात. धार, झाबुआ, अलिराजपूर, बडवानी, खरगोन येथून बसने, जीपने किंवा १०८ क्रमांकाच्या गाडीने येणारा रुग्ण सहसा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर बायको येते, भाऊ येतो, आणि घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून कडेवरचे मूलही येते. आज मी बोलणार आहे ते रुग्णाविषयी थोडे आणि या बरोबर आलेल्या माणसांविषयी अधिक, कारण रुग्णालयाच्या दारातील अन्नदानाचे बेत आखताना आपल्याला आठवतो तो खाटेवरचा माणूस, खाटेखाली चटई टाकून निजणारा आठवत नाही.

सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला जेवण मिळते. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तर बाळंतिणीच्या मोफत आहाराचे दिवसही ठरवून दिलेले आहेत. साधी प्रसूती असेल तर ३ दिवसांपर्यंत आणि सिझेरियन असेल तर ७ दिवसांपर्यंत. परंतु हे ताट रुग्णासाठी येते, सोबतच्या माणसासाठी येत नाही. कुपोषित बालकांसाठी जी पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत, तेथे मात्र बाळाजवळ राहणाऱ्या आईलाही जेवण मिळते आणि बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कमही मिळते. म्हणजे उशाशी बसणाऱ्यालाही पोट असते, हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. इतर वॉर्डांत काय होते ते तुम्ही ओळखलेच असेल. एका ताटात तिघे जेवतात, आणि ज्याचे हाड जुळायचे आहे तोच अर्धी पोळी खाऊन भूक नाही म्हणतो. पुन्हा सांगते, ताट रुग्णासाठी येते, सोबतच्या माणसासाठी येत नाही.

आता तव्याची गोष्ट. रामबागेतल्या माझ्या मैत्रिणींनी ती माझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की आज त्यांनी रेडिओ बंद केला तरी मला राग येणार नाही, पण ती सांगितल्यावाचून मला या विषयावर पुढे बोलता येत नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा पौष महिना होता. आम्ही सात जणी दर गुरुवारी शहरातील एका सरकारी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर जेवण घेऊन जात असू. प्रत्येकीने वीस पोळ्या करायच्या, एकीने बटाट्याची सुकी भाजी, एकीने वरण, असा नेम होता. आमच्यात सर्वांत वडील त्या माई. माईंची पोळी म्हणजे घडीची, पदर सुटणारी, सकाळी केलेली संध्याकाळी दोन बोटांनी तुटणारी, आणि या पोळीविषयी माईंना जो अभिमान होता तो त्यांनी कधी लपवला नाही. दुसऱ्या गुरुवारी माईंच्या असे लक्षात आले की पायात चांदीची जाड कडी घातलेली एक तरुण बाई रांगेत येते, पत्रावळ घेते, कडेवरच्या मुलाला भरवते आणि आपल्या वाट्याच्या पोळ्यांतली एखादी खाऊन बाकीच्या फडक्यात बांधते. ती झाबुआकडची होती. नवरा गवंड्याच्या हाताखाली काम करताना वरून पडला होता, मांडीचे हाड मोडले होते आणि पायाला वजन बांधून तो पडून होता.

तिसऱ्या गुरुवारी माईंनी तिला सरळ विचारले, "का गं, खात का नाहीस? आवडत नाही का?" प्रश्न मराठीत होता, पण रोख तिला बरोबर कळला. तिने पोळी उजेडात धरून दाखवली आणि अगदी निरागसपणे सांगितले की बाई, ही तर कपड्यासारखी आहे, किती खाल्ली तरी पोटात काही गेल्यासारखे वाटत नाही. श्रोतेहो, त्या क्षणी माईंच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य आमच्यापैकी एकीलाही झाले नाही. मग तिने भिंतीशी ठेवलेले गाठोडे ओढून सोडले. त्यात पाच-सहा किलो मक्याचे पीठ होते, लसणाच्या गड्ड्या होत्या, लाल मिरच्या होत्या आणि कागदाच्या पुडीत मीठ होते. गावाहून निघताना सासूने बांधून दिले होते. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने आवारात तीन विटा मांडून काटक्या पेटवल्या होत्या आणि चौकीदाराने त्यावर बादलीभर पाणी ओतले होते. त्याची चूक नव्हती, जेथे ऑक्सिजनची सिलिंडरे ने-आण होतात तेथे चूल पेटू देणारा चौकीदार काय कामाचा? ती माईंना एवढेच म्हणाली, "आटो है, तवो नी है."

पीठ आहे, तवा नाही. तीन आठवडे आम्ही सात जणी मिळून दर खेपेस एकशे चाळीस पोळ्या लाटत होतो, आणि त्या बाईला हवा होता एक तवा.

परतताना रिक्षात माई राजवाडा येईपर्यंत चार वेळा म्हणाल्या, "माझ्या पोळीला कापड म्हणाली." दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा मला फोन आला की मी तवा घेऊन निघते आहे, तू सिगडी आणि कोळसे घेऊन ये. रस्त्यापलीकडे एक जुनी धर्मशाळा आहे, तिच्या मागच्या पत्र्याच्या पडवीत व्यवस्थापकांनी आम्हाला नळाजवळचा कोपरा दिला. त्या बाईने परातीत पीठ घेतले, कढत पाणी घातले, तळव्याच्या टाचेने रगडून रगडून ते मळले आणि पाण्याचा हात लावत दोन्ही तळव्यांमध्ये रोटला असा थापत नेला की कडेला एक चीर पडली नाही. लसूण, मिरची आणि मीठ तिने डब्याच्या झाकणात तांब्याच्या बुडाने ठेचले. पहिला रोटला निखाऱ्यापाशी उभा करून फुगला तेव्हा त्या वासाने पडवीच्या दाराशी माणसे गोळा होऊ लागली, आणि तासाभरात आणखी चार बायका आपापली गाठोडी घेऊन तव्याच्या रांगेत बसल्या. एकीकडे ज्वारीचे पीठ होते, बाकीच्या तिघींकडे मक्याचे. हे पीठ इतके दिवस रुग्णालयाच्या व्हरांड्यांत त्यांच्या उशाशीच होते, आणि आम्ही त्यांना उपाशी समजून पोळ्या वाढत होतो. पुढच्या गुरुवारी वॉर्डातल्या सिस्टरनी आपण होऊन सांगितले की त्या मांडी मोडलेल्या माणसाचे ताट आता पुसून रिकामे परत येते.

गोष्ट येथे संपत नाही. महिन्याभराने नवऱ्याला सोडले, तेव्हा ती बाई तवा परत द्यायला आली. उपकार ठेवायचे नाहीत म्हणून तिने तो राखेने आणि विटेच्या भुकटीने असा घासला होता की त्यात तोंड दिसावे. तो माईंच्या सासूबाईंचा तवा होता, चाळीस वर्षे तेल पिऊन काळा कुळकुळीत झालेला, आणि ज्यांच्या घरी लोखंडी तवा आहे त्यांना पुढे काय झाले असेल ते सांगायला नको. माईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, "छान घासलास हो" म्हणाल्या, तिच्या मुलाच्या हातावर बत्तासा ठेवला आणि घरी आल्या. पहिली पोळी चिकटली, दुसरी चिकटली, तिसरी उलथन्याने खरवडून काढावी लागली. त्या घरात चार दिवस दोन्ही वेळा भात झाला. पाचव्या दिवशी माईंनी तवा पुन्हा पिशवीत घातला आणि धर्मशाळेच्या पडवीत नेऊन ठेवला, तो आजतागायत तेथेच आहे.

आपल्याकडे अन्नछत्र आणि सदावर्त असे दोन निरनिराळे शब्द आहेत, याचा मला तेव्हा नव्याने अर्थ लागला. अन्नछत्रात शिजलेले अन्न पानात पडते. सदावर्तात कोरडा शिधा मिळतो आणि तो ज्याचा त्याने आपल्या पद्धतीने रांधायचा असतो. ज्यांनी नर्मदेची परिक्रमा केली आहे त्यांनी पीठ-डाळ-मीठ असे सदावर्त हातात घेतलेले असते, त्यांना हे वेगळे सांगायला नको. अहिल्यादेवींनी महेश्वरास बसून आपल्या खासगीच्या उत्पन्नातून देशभर जी धर्मकार्ये चालवली, त्यांत अन्नछत्रेही होती आणि सदावर्तेही होती. रुग्णालयांच्या दारात मात्र आपण अन्नछत्र तेवढे नेले आणि सदावर्त घरी ठेवले. आणि केळ्यांचे काय सांगू! वाढदिवसाला वॉर्डात जाऊन एका केळ्याला चार हात लावून फोटो काढणारी मंडळी सर्व पक्षांत आहेत. मूत्रपिंडाच्या रुग्णाला केळे आणि नारळपाणी पोटॅशियममुळे घातक ठरू शकते, हे त्यांना कोणी सांगत नाही, कारण सांगणारा फोटोच्या चौकटीबाहेर उभा असतो.

शिधा देण्याचा उपयोग किती, याचा एक मोठा अभ्यास झारखंडमध्ये झाला आणि २०२३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. क्षयरोग्यांच्या घरातील माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली, तेव्हा त्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. येथेही शिधा मिळाला तो रुग्णाजवळच्या माणसांना, हे ध्यानात घ्या. मुंबईत २००६ साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड्सच्या केंद्रांत कर्करोगाच्या उपचारासाठी आलेल्या मुलांच्या कुटुंबांना राहायला जागा, शिधा आणि सामाईक स्वयंपाकघरात स्वतःची शेगडी मिळते. बिहारची आई तेथे बिहारचे रांधते, कोकणातली कोकणातले.

याचा अर्थ शिजवलेले अन्न नेऊ नका असा नाही. रात्री अकराला अपघाताचा रुग्ण घेऊन आलेल्या भावाला तव्याचा काय उपयोग? त्याला हातात आयते अन्नच हवे. चंदिगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयाबाहेर जगदीशलाल आहुजा यांनी २००० सालापासून असाच लंगर चालवला आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र शिजवलेले न्यायचे तर गरम डब्यात, वाफाळते न्यावे, आणि केल्यापासून दोन तासांत वाढून संपवावे. भाताला तर विशेष जपावे, कारण त्यातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा वाढतात. रुग्णाच्या हातात सिस्टरना विचारल्याशिवाय काहीही देऊ नये. आणि कृपा करून प्रत्येक पदार्थावर शेव भुरभुरू नये; हे इंदूर आहे म्हणून मला हे सांगावे लागते.

सध्या पडवीत नऊ तवे, चार सिगड्या आणि दोन पराती आहेत. एक वही आहे, तिच्यात वॉर्डाचा क्रमांक आणि खाटेचा क्रमांक लिहिला की तवा मिळतो, अनामत घेत नाही. अकरा वर्षांत दोन तवे परत आले नाहीत, आणि माईंचे म्हणणे असे की ते कुठेतरी चुलीवरच असतील. आपल्याकडे माळ्यावर पडलेला लोखंडी तवा असेल तर आपल्या घराजवळच्या रुग्णालयासमोर अशी एखादी पडवी शोधा. नॉनस्टिकचा तवा मात्र निखाऱ्यावर चालत नाही, तो देऊ नका. आमच्या पडवीच्या भिंतीवर माईंनी स्वतः कोळशाने, स्वतःच्या हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: "तवा घासना मना है."