रविवार कोणाचा?

(नाशिकमध्ये पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पालकहो, घटस्फोटाची केस चालते तेव्हा मुलाबद्दल दोन गोष्टी कागदावर येतात: ताबा कोणाकडे आणि भेट कधी. दिवाळीची, मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी होते, शनिवार-रविवार वाटले जातात. ते हवंच. मुलाला दोघंही हवे असतात आणि 1890 चा पालक व पाल्य कायदाही मुलाचं हित बघायला सांगतो. पण ते मूल खेळणार कधी आणि कोणाशी, हे त्या कागदावर सहसा नसतं. मला आज त्याबद्दलच बोलायचंय.

घर मोडलं की बऱ्याचदा मुलाचा पत्ता बदलतो. सिडकोत राहणारा, चौथीतला एक मुलगा आईबरोबर आजोळी पंचवटीत आला. शाळा बदलली, रिक्षावाले काका बदलले. येणारा-जाणारा विचारायचा, "बाबांची आठवण येते का रे?" बाबा तर दर रविवारी भेटत होते. त्याला आठवण यायची ती खालच्या मजल्यावरच्या मित्राची, ज्याच्याकडे त्याची बॅट राहून गेली होती. ते कुणी विचारलंच नाही.

नव्या गल्लीतली पोरं आठवडाभर शाळा आणि क्लासमध्ये अडकलेली. टीम पाडायची ती रविवारी सकाळी, आणि नेमका तेव्हा हा बाबांबरोबर मॉलमध्ये. "तू कधी नसतोसच," म्हणत पोरांनी त्याला धरणंच सोडलं. त्यात त्या वर्षी रंगपंचमी रविवारी आली. नाशिककरांना रंगपंचमी काय सांगायची! धुळवडीला आपण कोरडे राहू, पण पंचमीला रहाडी, म्हणजे रंगाचे ते जमिनीतले हौद, उघडल्या की घरात पाय ठरत नाही. गल्लीत आदल्या दिवसापासून पिंपं भरलेली, आणि हा दिवस बाबांचा. पोरगं धड जेवेना. शेवटी आईनं अबोला बाजूला ठेवून फोन केला. वडील म्हणाले, "मग मीच येतो तिकडे." आले, पोरांबरोबर डोक्यापासून पायापर्यंत रंगले, सगळ्यांना वडापाव खाऊ घातला. "तुझे पप्पा भारी आहेत यार!" हे त्या मुलानं मला किती वेळा ऐकवलं असेल! पुढच्या रविवारी पोरं त्याला बोलवायला दारात आली.

भेटीचा वेळ मुलाच्या मैदानावर घालवला तर वडिलांचं काय कमी होतं? मला तर वाटतं, भर पडते. आपल्या मुलाला पुलशॉट जमतो की नाही, हे मॉलमध्ये कळत नाही. ठरलेला वेळ मुलाला जाचक होत असेल, तर तो बदलून मिळावा म्हणून न्यायालयात अर्जही करता येतो.

मेव्हिस हेदरिंग्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अशा मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. साधारण 75 ते 80 टक्के मुलं पुढे सावरलेली त्यांना दिसली. आईवडिलांची भांडणं घटस्फोटानंतरही चालू राहतात, तिथे मात्र मुलांची फरफट होते. म्हणून "फीचं बाबांना सांग" असले निरोप मुलाच्या हाती देऊ नका.

नवा मित्र लवकरच विचारतो, "तुझे पप्पा कुठे असतात?" मूल गांगरतं आणि "दुबईला" असं ठोकून देतं. मग ते खोटं उघडं पडेल म्हणून कुणाला घरी बोलवत नाही. त्याला घरातच साधं उत्तर शिकवून ठेवा: "आई-बाबा वेगळे राहतात. मी आईकडे असतो, रविवारी बाबांकडे." बहुतेक मुलं यावर "बरं, बॉलिंग कोण टाकतंय?" म्हणून मोकळी होतात.

प्रश्न त्यांच्या घरच्यांचा असतो. "त्यांच्याकडे जरा वेगळंच आहे, तू नको जाऊस" हे मी सुशिक्षित घरांत ऐकलंय आणि मला त्याचा संताप येतो. त्या लेकराचा काय दोष? आता जूनमध्ये शाळा उघडतील. तुमच्या मुलाच्या वर्गात असं कुणी आलं, तर चौकशा नकोत, डब्याला जवळ बसवायला सांगा. वाढदिवसाला बोलवाल तेव्हा त्याच्या आईला आणि वडिलांना, दोघांनाही फोन करा, म्हणजे त्या दिवशी ते मूल कुणाकडेही असलं तरी येऊ शकेल.