पट्टी बांधलेलं दार

नमस्कार मंडळी. माईक येतोय ना मागंपर्यंत? हां. आधीच सांगून टाकतो, मी संशोधक बिंशोधक काही नाही, तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता रिटायर झालोय, आणि घरी बसलं की बायको कामं सांगते म्हणून गाडी काढून बाहेर पडतो. आजचा विषय, म्हंजे सोलापूरच्या बाजूला कारागिरांची घरं बघत फिरायचा नकाशा, त्यातनंच निघाला.

झालं असं, भाचीकडं इंग्लंडला गेलो होतो. तिकडं खेड्यापाड्यात एक प्रकार असतो, ओपन स्टुडिओ म्हणतात. वर्षातले ठराविक दिवस त्या भागातले चित्रकार, मातीकाम करणारे, विणणारे आपापली कामाची जागा उघडी ठेवतात, एक नकाशा छापलेला असतो, फाटकावर बोर्ड लावलेला. गाईड नाही, बस नाही, सकाळी आठला सगळे जमा व्हा असली भानगड नाही. तुमचं तुम्ही फिरायचं, पाहिजे त्या घरात शिरायचं, काम बघायचं, आवडलं तर घ्यायचं नाहीतर थँक्यू म्हणून पुढं. मला वाटलं, हे तर आपल्याकडं सहज होईल, आपल्याकडं दारं उघडीच असतात की.

आलो आणि पहिल्याच गावात तोंडावर पडलो. मंगळवेढ्याच्या पुढं सांगोल्याच्या बाजूला एका गावात पारावर विचारलं, इथं घोंगडी विणणाऱ्यांचा स्टुडिओ कुठाय? एका पोरानं लगेच हात केला, "सरळ जावा, स्टँडजवळ हाय, पण पासपोर्ट फोटो आज मिळायचे नाहीत, लाईट गेलीय." चूक त्याची नाही, आपल्याकडं स्टुडिओ म्हंजे फोटोचाच. घोंगडीवाला माग म्हणतो, कुंभार आवा म्हणतो, म्हंजे मडकी भाजायची भट्टी, पंढरपुरात माळा करणारे तर नुसतं "घरी या" म्हणतात. म्हणून नकाशा करताना आम्ही पहिल्यांदा स्टुडिओ हा शब्दच खोडला.

आम्ही म्हंजे चौघं, मी आणि तीन जुने विद्यार्थी. आठ घरं ठरवली, रस्ता साधा, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, पंढरपूर आणि मोहोळवरनं परत. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास जातं, दोन दिवसात आरामात होतं, मधी भाकरी आणि शेंगा चटणी कुठंही मिळते.

आता मुद्द्याचं. त्या घोंगडीवाल्यांकडं मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अकरा वाजले होते. सणगर समाजातले, वय साठीच्या पुढं, खड्ड्याच्या मागावर बसलेले, पाय खाली पावड्यांवर, हातात आडवा धागा नेणारा धोटा. बघायला छानच, पण ते म्हणाले, "सर, खरं काम सकाळीच झालं." म्हटलं कसलं? तर खळ. पुढच्या आठवड्यात फोन करून परत गेलो, साडेसहाला दारात. बाहेर अंगणात लोकरीचा ताणा, म्हंजे उभे धागे, लांबच्या लांब ताणून बांधलेला, चिंचोके भिजवून वाटून शिजवलेली खळ बादलीत, आणि नवराबायको दोघं दोन बाजूंनी कुंच्यानं ती खळ त्या धाग्यांवर लावत चाललेले. लावायची आणि लगेच कुंचा फिरवून धागे सुटे करायचे, कारण ऊन चढलं की ती वाळते आणि दोन धागे एकमेकांना चिकटले की पुढं मागावर तुटतात. दोघंही बोलत नव्हते, मी दोनदा प्रश्न विचारला तर बाईंनी फक्त मान हलवली, मग मी गप्प बसलो. नवी घोंगडी ताठ का असते हे मला साठाव्या वर्षी कळलं, ती ही चिंचोक्याची खळ. घरात माझ्या आजीची घोंगडी होती, लहानपणी मी ती टोचते म्हणून रडायचो.

तर तिथं मला कळलं की आमचा नकाशाच चुकलाय. आम्ही जागा लिहिली होती, वेळ लिहिलीच नव्हती. गाव तेच, घर तेच, पण अकराला गेलात तर अर्धंच दिसतं. मग आम्ही नकाशा परत केला, घराचा नंबर बारीक आणि पुढं ठळक अक्षरात काय, कधी. खळ असेल तर पहाटे, तीही आदल्या दिवशी फोन करून. कुंभाराचा आवा लावायचा दिवस वेगळा, एरवी गेलात तर चाकावर बसलेले दिसतील. पंढरपुरात काशीकापडी समाजातल्या घरी तुळशीमाळा होतात, तिथं आषाढीच्या तोंडावर जाऊच नका, कुणी मान वर करणार नाही. एरवी जा, वाळलेल्या तुळशीच्या काड्या, त्यांचे तुकडे, मग मशीनवर ज्वारीच्या दाण्याएवढा मणी गोल होऊन भोक पडून बाहेर येतो आणि खोलीभर तुळशीचा भुसा उडतो. तो वास शर्टाला दोन दिवस राहतो. पंढरपूरचं निघालं म्हणून सांगतो, घोड्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा जन्म तिथलाच, १९१५ चा. हे वर्गात सांगितलं की पोरं म्हणायची, "सर, ते घोडेवाले?"

चपलांचं घर एकच घेतलं. लोकांना वाटतं कोल्हापुरी म्हंजे फक्त कोल्हापूर, पण २०१९ साली जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना, आणि त्यात आपलं सोलापूर आहे. चादर आणि टॉवेलच्या जीआयचं सगळ्यांना पाठ असतं, हे कुणाला माहीत नसतं.

एक दिवस जास्तीचा असेल तर हत्तरसंग कुडल करा, सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीनेचा संगम. ३५९ मुखांचं शिवलिंग आहे, आणि शके ९४० म्हंजे १०१८ सालचा शिलालेख, मराठीतल्या सगळ्यात जुन्यांपैकी, जो वाचील तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ त्यात आहे. तिथं कलाकार भेटणार नाही, आपल्याला हजार वर्षं उशीर झालाय. (मॅपवर टाकताना कुडाळ टाकू नका, सिंधुदुर्गात पोचाल. पोचलातच तर जवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हंजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, बघून या, तिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यांच्या घरीच म्युझियम आहे.)

आता थोडं कडू बोलतो. आमच्या दुसऱ्या खेपेला एक गृहस्थ आले, शहरातले, शिकलेले. घोंगडीवाल्यांचा तासभर व्हिडिओ काढला, त्यांना दोनदा उठवून परत बसवलं, उजेड नीट नाही म्हणून मागाजवळच्या खिडकीतलं पोतं काढायला लावलं, आणि निघताना घोंगडीचा भाव अर्ध्यावर मागितला. म्हाताऱ्यांनी शांतपणे घोंगडी घडी घालून आत ठेवली. मी त्यांच्या जागी असतो तर खळीची बादली ओतली असती. त्या एका तासात त्यांचं वीतभर विणून झालं असतं हो. म्हणून आमचा नियम, हात चालू असताना प्रश्न नाही, चहाला थांबले की विचारा, आणि भाव करायचा नाही. तिकीट मात्र मी ठेवू दिलं नाही. विद्यार्थ्यांचं म्हणणं माणशी काहीतरी घ्यावं. पण तिकीट घेतलं की बघणाऱ्याला वाटतं आपल्यासाठी काम करून दाखवलं पाहिजे, मग त्यांचा माग सुटतो आणि खेळ सुरू होतो. घ्यायचं असेल तर वस्तू घ्या, नाहीतर ऑर्डर द्या आणि दोन महिने थांबा. यावर आमच्यात अजून भांडण आहे.

कधी जायचं विचाराल तर डिसेंबर, जानेवारी, हुरडा पण मिळतो. एप्रिलमध्ये जाऊन मला शिव्या घालू नका.

नकाशाच्या झेरॉक्स बाहेर टेबलावर आहेत, एकेकच घ्या. बोर्ड परवडले नाहीत म्हणून आम्ही चादरीच्या कारखान्यातनं उरलेल्या किनारीच्या पट्ट्या आणल्या आणि प्रत्येक दाराला एक लाल पट्टी बांधली, लांबून दिसते. फक्त घर नंबर तीनची पट्टी त्यांच्याच शेळीनं खाल्ली, दुसरी बांधली तीही खाल्ली. तिथं पट्टी शोधत बसू नका, कानाला पांढरा ठिपका असलेली शेळी दिसली की हाक मारा.