ड्वॉर्फ फोर्ट्रेस: एका सैनिकाच्या पोलादाला किती कोक लागतो?

[कॅमेऱ्याकडे पाहून]

नमस्कार राजेहो! नागपूरहून पुन्हा एकदा ड्वॉर्फ फोर्ट्रेस, म्हणजे बुटक्या ड्वॉर्फ लोकांचा गड वसवायचा कॉम्प्युटर गेम, आणि आज फक्त धातूकाम. प्रश्न सगळ्यांचा सारखाच आहे. खाणीत हेमटाइट (लोखंडाचं खनिज) भरपूर निघालं, चार स्मेल्टर (धातू वितळवायच्या भट्ट्या) लावले, तरी पोलाद काहून बनत नाही?

कारण कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन) संपलेला असतो. तुम्ही लोखंड मोजत बसता आणि काम अडतं कोळशावर. म्हणून आज आपण हिशोब कोकचा करू.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी हा खेळ 2006 मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला. डिसेंबर 2022 मध्ये तो चित्रांसकट स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर आला. मी आकडे सांगतो ते या स्टीमच्या आवृत्तीचे.

[स्क्रीनवर: स्मेल्टरची कामांची यादी]

हे पाहा. लोखंडाच्या खनिजाचा एक दगड वितळवला की 4 बार (धातूच्या विटा) मिळतात, इंधन, म्हणजे कोकच, जातं 1. इथपर्यंत सगळं स्वस्त आहे. खरा खर्च पुढे. पोलाद दोन टप्प्यांत होतं. आधी पिग आयर्न (कच्चं लोखंड): त्याला 1 लोखंडाचा बार, 1 फ्लक्स दगड आणि 1 कोक. मग तो पिग आयर्न, आणखी 1 लोखंडाचा बार, आणखी 1 फ्लक्स, आणखी 1 कोक, आणि हाती येतात पोलादाचे 2 बार. यातला कोक भट्टीत जळत नाही, तो पोलादात कार्बन म्हणून जातो. भट्टी पेटवायला दोन्ही टप्प्यांत 1-1 इंधन वेगळं लागतं. म्हणजे 2 बार पोलादाला 4 नग कोक, आणि खनिज वितळवायचा त्याच्यावर.

फ्लक्स म्हणजे चुनखडी, डोलोमाइट, संगमरवर, खडू किंवा कॅल्साइट. त्याचा थरच्या थर सापडतो, त्यामुळे त्याची चिंता करू नका. फक्त गड कुठे वसवायचा ते निवडताना फ्लक्स आहे की नाही, एवढं पाहून घ्या.

आता एक सैनिक नखशिखांत सजवू. ब्रेस्टप्लेटला (छातीचं कवच) 3 बार, मेल शर्टला (कड्यांचं चिलखत) 2, ग्रीव्हजला (पायांचं कवच) 2. हेल्म (शिरस्त्राण), हातमोज्यांची जोडी, बुटांची जोडी, ढाल आणि कुऱ्हाड, प्रत्येकी 1. झाले 12 बार. त्यासाठी खनिजाचे दगड लागले फक्त 3. कोक मात्र 27! शिवाय फोर्जवर (लोहाराच्या भट्टीवर) आठ वस्तू घडवल्या, प्रत्येकीला 1 इंधन, म्हणून आणखी 8. एका ड्वॉर्फमागे 35.

दहा जणांच्या तुकडीला 350. लाकडी कोळसाही कोकऐवजी चालतो, पण एका ओंडक्याचा 1 नगच होतो, म्हणजे 350 ओंडके. तेवढं जंगल तोडलं की झाडं जपणारे एल्फ लोक तक्रार घेऊन दारात उभे राहतातच.

दगडी कोळशाचं गणित बरंच बरं आहे. बिट्युमिनस कोळशाच्या एका दगडाचे 9 कोक होतात, लिग्नाइटचे 5. पण कोक बनवायलाही भट्टीत 1 इंधन जातं, म्हणून पदरात पडतात 8 आणि 4. आपली 350 ची गरज भागवायला बिट्युमिनसचे 44 दगड खणा.

आपल्या विदर्भातल्या लोकांना ही कोळशाची भूक नवीन नाही. उमरेड, कामठीच्या खाणींचा कोळसा मुख्यतः कोराडी, खापरखेड्यासारख्या वीजकेंद्रांकडे जातो. पोलादाच्या भट्टीला लागतो तो कोक होणारा कोळसा, आणि त्यासाठी झारखंडमधल्या झरियाकडे पाहावं लागतं. खेळात असा फरक नाही, कुठलाही कोळसा कोक देतो. मला मात्र एका दगडाचं फार वाईट वाटतं. पायरोलुसाइट! मॅंगनीजचं खनिज. आमच्या मनसर, कांद्रीला मॅंगनीजच्या खाणी आहेत, भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्गला तर मॅंगनीज डायऑक्साइड निघतं, आणि खऱ्या पोलादाला मॅंगनीज हवंच असतं. खेळात पायरोलुसाइट सापडतो, पण त्यातून धातू निघत नाही. भिंती बांधायच्या आणि गप्प राहायचं.

[स्क्रीनवर: मॅग्मा स्मेल्टर]

आता मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक. मॅग्मा स्मेल्टरला आणि मॅग्मा फोर्जला इंधन लागत नाही. पण पोलादात जाणारा कार्बन लागतोच, तो मॅग्मा देत नाही, हे लक्षात ठेवा. आपला सैनिक 35 वरून 12 वर आला. तुकडीला 120 कोक, आणि कोक करतानाही इंधन न गेल्यामुळे बिट्युमिनसचे 14 दगड पुरले. कुठे 44, कुठे 14!

स्मेल्टरच्या कडेच्या एखाद्या चौकोनाखाली मॅग्मा किमान 4/7 (सातपैकी चार पातळ्या) भरलेला पाहिजे. ज्या चौकोनावरून चालता येत नाही, तोच मॅग्मापर्यंत खणलेल्या भोकावर आणा, नाहीतर खालचे जीव त्या भोकातून वर येतात. मॅग्मा पंपांनी वर चढवायचा की कारखाना खाली न्यायचा, यावर माझं मत पक्कं आहे: कारखाना खाली न्या. बार उचलून वर आणणं पंपांची उतरंड उभारण्यापेक्षा खूप सोपं.

मॅग्मा मिळेपर्यंत वर्क ऑर्डर (कारखान्याला दिलेले कामांचे हुकूम) नीट लावा. मॅनेजर नेमला की प्रत्येक ऑर्डरला अट घालता येते, आणि बहुतेक गड इथेच अडतात. खनिज वितळवायची ऑर्डर मोकळी सोडली तर ती सगळा कोक पिऊन टाकते. मग दगडी कोळसा पडून असतो, पण त्याचा कोक करायला पहिलं इंधनच उरत नाही.

[स्क्रीनवर: ऑर्डरच्या अटी]

म्हणून लाकडी कोळशाची छोटी ऑर्डर: इंधन 10 च्या खाली गेलं की 5 ओंडके जाळा. वुड फर्नेसला (लाकडी कोळशाच्या भट्टीला) इंधन लागत नाही, त्यामुळे हे काम कधी अडत नाही. कोकची ऑर्डर: 60 च्या खाली आला की चालू. खनिजाची: लोखंडाचे बार 20 पेक्षा कमी, आणि कोक किमान 20 असेल तरच. पिग आयर्न आणि पोलादाला कोकची अट 30 ठेवा. तपासणी रोजची ठेवा.

गॉब्लिन नावाचे शत्रू हल्ला करून मेले की त्यांचं लोखंडी सामान वितळवायला टाका. एका वस्तूतून पूर्ण बार निघत नाही, उरलेला अंश त्याच स्मेल्टरमध्ये साठतो. म्हणून वितळवायचं काम एकाच स्मेल्टरला द्या, आणि तो पाडू नका.

आणि जिथे फ्लक्सच नाही, किंवा कोळसाही नाही आणि झाडंही विरळ? तिथे पोलादाचा हट्ट सोडा, कॅसिटेराइट (कथलाचं खनिज) शोधा. तांब्याच्या खनिजाचा 1 दगड, कॅसिटेराइटचा 1, इंधन 1, आणि एका कामात कांस्याचे 8 बार. दोन कामांत एक सैनिक घडतो, आणि बार उरतात ते वेगळे.