जोर वाचतो, अंतर वाढतं

(दृश्य: तिरक्या फळीवरून वर जाणारी चाकांची पेटी)

शंभर किलोची पेटी एक मीटर उंच ओट्यावर चढवायची आहे. सरळ उचलणं एकट्याच्या आवाक्याबाहेरचं. चार मीटरची फळी तिरकी लावली, पेटीखाली चाकं बसवली, की 25 किलो उचलायला लागतो साधारण तेवढाच जोर पुरतो. मात्र पेटी चार मीटर ढकलावी लागते. जोर चौथ्या हिश्श्यावर आला, अंतर चौपट झालं. काम होतं तेवढंच राहिलं.

तरफ, कप्पी, चाक आणि आस, उतरण, पाचर, स्क्रू, कुठलंही साधं यंत्र घ्या, व्यवहार असाच रोखठोक. यंत्राने निसर्गाला चकवता येतं, हा समज गॅलिलिओने 1600च्या सुमारास खोडून काढला.

(दृश्य: जॅकचे आटे, अगदी जवळून)

या सहांत सगळ्यात करामती स्क्रूच म्हणायला हवा. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. उभ्या स्क्रूचा हा जॅक बघा. दोन आट्यांमधलं अंतर 5 मिलिमीटर, फिरवायचा दांडा 25 सेंटिमीटर. एका फेरीत हात सुमारे 157 सेंटिमीटर फिरतो आणि गाडी उचलली जाते जेमतेम 5 मिलिमीटर. हिशेबाने जोर 314 पट व्हायला हवा. तेवढा होत नाही, कारण निम्म्याहून जास्त मेहनत घर्षणच खातं. पण हे घर्षण नसतं, तर दांडा सोडताच गाडीच्या वजनाने स्क्रू उलटा फिरला असता. गाडी वर टिकते ती घर्षणाच्या जिवावर. तरीही नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये.

छताला बांधलेली एकटी कप्पी जोर मुळीच वाचवत नाही. ती फक्त दिशा बदलते. दोर खाली ओढताना अंगाचं वजन कामी येतं, म्हणून सोपं वाटतं.

(दृश्य: कोपरातून वाकणारा हात)

आता उलटा सौदा. आपला हात हीसुद्धा तरफच, कोपर हा तिचा टेकू. दंडाचा स्नायू कोपरापासून चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला, तर तळहातावरचं वजन तिथून तीसेक सेंटिमीटर लांब. हातात पाच किलो धरले, तर स्नायूवर त्याच्या सहा-सात पट ताण येतो. हा तोटा शरीर सोसतं, कारण स्नायूला थोडंसंच आखडता येतं. तो तीन सेंटिमीटर आखडला, की तेवढ्याच वेळात तळहात वीसेक सेंटिमीटर वर येतो. चेंडू फेकायला लागणारा वेग हाताला मिळतो तो असा.