जिन्याखालची खोली

(लातूरमध्ये घरमालक आणि भाड्याने राहणारे विद्यार्थी यांच्यासमोर एप्रिलमध्ये दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. आयोजकांनी मला विषय दिलाय घनकचऱ्याचा. मी गणिताचा निवृत्त मास्तर. घरावर चार खोल्या बांधल्यात, त्यात आठ लेकरं राहतात. म्हणजे घनकचऱ्यातला माझा अभ्यास आमच्या जिन्यापुरताच. तेवढाच सांगतो.

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा पेपर गेली काही वर्षं मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होतो. सोमवारी सकाळी ट्यूशन एरियात, आपल्या क्लासेसच्या भागात, एक चक्कर मारा. प्रत्येक खांबाशी गादीची वळकटी, तिच्यावर बादली, बादलीत मग, मगात अर्धी साबणवडी. बाजूला स्पायरल बाइंडिंगच्या नोट्सचा ढीग आणि दांडी मोडलेला टेबल फॅन. पोरं गेली, एसटीला लागली, कुणी खासगी बसनं नांदेडला, कुणी परभणीला. वर्ष-दोन वर्षांचा संसार आहे तिथंच. आणि जूनमध्ये नवी पोरं येतात तेव्हा त्यांचे आईबाप गंजगोलाईच्या बाजारात फिरून काय घेतात? गादी, बादली, मग, टेबल फॅन.

मधे अंतर किती? पाच-सहा आठवडे. मी हे गणित बरीच वर्षं चुकत होतो. मला वाटायचं, पोरं बेफिकीर आहेत. तसं नाही. ज्याला बादली नको आहे तो मे महिन्यात आहे आणि ज्याला हवी आहे तो जूनमध्ये आहे, दोघांची गाठच पडत नाही. ती पाच-सहा आठवडे ठेवायची कुठं, एवढाच प्रश्न. आमच्या जिन्याखाली एक अडगळीची खोली होती. तीत जुना पाटा, माझ्या वडिलांची पेटी आणि एक न चालणारी सायकल. ती रिकामी केली, चुना मारला, कुलूप घातलं.

पहिल्या वर्षी फजिती झाली, तीही सांगतो. गाद्या तशाच रचल्या आणि उंदरांनी त्यात बाळंतपणं केली. एका पोराचा कूलर टाकीत पाणी असतानाच आत ठेवला. महिन्यानं दार उघडलं तर डासांचा घोळका बाहेर. तेव्हापासून नियम केला: जे धुऊन, वाळवून, उन्हं दाखवून आलं तेच आत.

गादीचं थोडं सविस्तर बोलतो, कारण जागा खाते ती गादीच. आपल्याकडं दोन प्रकार येतात. कापसाची आणि फोमची. कापसाची गादी दबली, गोळे झाले, तरी ती मेलेली नसते. गादीवाल्याकडं न्या, तो खोळ उसवतो, कापूस मशिनवर पिंजून देतो, नवी खोळ चढवतो. कापूस पिकवणाऱ्या मुलखात आपण राहतो, आणि कापसाची गादी खांबाशी टाकतो, याची मला लाज वाटते. फोमची गोष्ट वेगळी. फोम पिंजता येत नाही, भंगारवाला घेत नाही, घंटागाडीवाला हात जोडतो. तिचे तुकडे करून ट्रॅक्टरच्या सीटला लावता येतात, मेसच्या बाकड्यांना लावता येतात, पण अशी सीट गावात असून असून किती असणार? म्हणून जूनमध्ये पालक विचारतात, ‘सर, कोणती गादी घेऊ?’ तेव्हा मी सांगतो, कापसाची घ्या. कचरा मे महिन्यात दिसतो खरा, ठरतो मात्र जूनच्या खरेदीत.

कपडे आणि चादरींचं काम आपल्या आज्यांनी कधीच सोडवून ठेवलंय. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक ठेवून वाकळ शिवायची. माझी आई आता नाही, तिनं शिवलेली वाकळ अजून आहे. बोहारीण आली की जुन्या कपड्यांवर भांडं घ्यायची पद्धतही होती. पण एक बजावतो. एकदा आम्ही मोठ्या उत्साहानं पोरांचे कपडे पोत्यात भरून एका वसतिगृहाला पाठवले. तिथल्या बाईंनी फोन करून शांतपणे विचारलं, ‘मास्तर, या एकेका पायातल्या मोज्यांचं काय करू?’ त्या दिवसापासून मी पोतं आधी स्वतः उपसतो.

कागदाचं पटकन. एनसीईआरटीच्या वापरलेल्या पुस्तकाला कमी लेखू नका. ज्यात आधीच्या मुलानं नेमक्या ओळीखाली रेघ मारलीय, त्याला जूनमध्ये गिऱ्हाईक असतं. टेस्ट सिरीजचे पेपर एका बाजूनं कोरे असतात, ते रफ कामाला ठेवा. रद्दीत देताना मात्र स्पायरलची तार काढा, लॅमिनेशन केलेले तक्ते वेगळे ठेवा, त्यांचा लगदा होत नाही. अभ्यासक्रम 2024 च्या परीक्षेपासून कमी झालाय, तेव्हा जुन्या प्रश्नसंचातले काही धडे आता लागत नाहीत, हे नव्या पोराला सांगून द्या.

आता खरी अडचण. जिन्याखालच्या खोलीत बादल्या धुऊन ओळीनं मांडल्या होत्या. जूनमध्ये हिंगोलीकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मी म्हटलं, ‘दादा, बादली, मग, टेबल सगळं आहे, फुकट घ्या.’ ते मान खाली घालून म्हणाले, ‘नको सर. सोयाबीन विकून आणलंय त्याला. लेकराला नवं घेऊ द्या.’ मला काही बोलता आलं नाही. आम्ही सुशिक्षित मंडळी ‘पुनर्वापर’ म्हणतो, त्यांच्या कानाला ते ‘कुणाचंतरी उतरलेलं’ ऐकू येतं. आयुष्यभर उतरलेलं वापरलेल्या माणसानं एकदा नवं घ्यायचं ठरवलं तर त्याला पर्यावरणाचं व्याख्यान द्यायला मी धजावलो नाही.

मग मी वेगळं केलं. दुसऱ्या वर्षी बादल्या खोल्यांमध्येच ठेवल्या. खोलीला पंखा असतो, नळ असतो, तशी बादली असते. कुणी विचारलं नाही ती कुणाची. कॉट, टेबल, पडदा, केराचा डबा, झाडू, सगळं खोलीचं. इथं बसलेल्या घरमालकांना माझं सांगणं आहे, एवढं सामान खोलीबरोबर द्या, भाड्यात शंभर-दोनशे वाढवा, लेकरं तक्रार करणार नाहीत.

आणि अंधश्रद्धेचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही. ज्या पोराचा नंबर शासकीय मेडिकलला लागला, त्याच्या टेबलासाठी पोरं भांडतात. रिपीटरच्या, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्याच्या टेबलाला कुणी हात लावत नाही. दोन्ही टेबलं एकाच सुतारानं, एकाच लाकडाची केलेली. एकदा एका मुलानं विचारलं, ‘सर, या टेबलावरचा कुठं लागला का?’ मी खोटं बोललो. हो म्हणालो, लागला. तो मुलगाही पुढं लागला नाही, आणि टेबल आता अपशकुनी ठरलंय. माझी पत्नी त्यावर पापड वाळवते.

उरलेलं पटापट. घनकचऱ्याचे 2016 चे नियम सांगायचे, ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्या; 2026 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, ते फोडू नका. जुनी औषधं, बॅटऱ्या, चार्जर सुक्यात मिसळू नका. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून द्या. 5 किलोचा सिलिंडर भंगारात घालू नका, वितरकाला विचारा. आणि गच्चीवर नोट्सची होळी करून ‘मुक्त झालो’ म्हणणाऱ्या पोरांनो, उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादानं 2016 मध्येच 5,000 रुपयांचा दंड सांगितलाय. मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000.

हे सगळं जातं कुठं, असं कुणी विचारत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, नारेगावच्या लोकांनी विचारलं. वर्षानुवर्षं सगळ्या शहराचा कचरा आमच्या उशाशी का, म्हणून गाड्या अडवल्या. मग तोच कचरा रस्त्यांवर साठत गेला आणि सगळ्या शहराला कचऱ्याचा पत्ता कळला.

या वर्षी पेपर रविवारी. सोमवारी आणि मंगळवारी सकाळी 7 ते 10 आमच्या जिन्याखालची खोली उघडी राहील. तीत चाळीस-पन्नास बादल्या मावतील, गाद्या दहा-बारा. बादल्या धुऊन आणा, गाद्या दोन दिवस उन्हात घालून आणा. पोतं आणि सुतळी तुमची. ज्यांच्या घरी अशी रिकामी जागा आहे त्यांनी जाताना इथल्या वहीत नाव लिहावं, माझ्या एकट्याच्या जिन्याखाली यापलीकडं फार मावणार नाही. उशा मात्र आणू नका, उशा आम्ही घेत नाही.